उपवासकाळात काय सोडावे, हे कसे ठरवावे?

प्रश्न विचारणाऱ्या भगिनींनी लिहिले आहे, की लेंट म्हणजेच ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला की त्या दरवर्षी गोड पदार्थ सोडतात. दोन वर्षे नेम पार पडला, वजन थोडे उतरले, पण प्रार्थनेत किंवा स्वभावात काही फरक पडल्याचे त्यांना जाणवले नाही. गेल्या वर्षी तर दुसऱ्याच आठवड्यात नेम मोडला आणि पुढचे सगळे दिवस अपराधीपणात गेले. या वर्षी काय सोडावे, ते कशाच्या आधारे ठरवावे आणि सोडण्याऐवजी एखादे सत्कृत्य हाती घेणे अधिक बरे नाही का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या कामात भस्म बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळ सुरू होण्याच्या, आधीच्या दिवसांत हेच प्रश्न मला सर्वांत जास्त विचारले जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझे मत सांगून टाकते. सोडायची गोष्ट एकच असावी, ती मुळात चांगली किंवा निदान निर्दोष असावी, तिने तुमच्यावर थोडाफार ताबा मिळवलेला असावा, आणि ती सोडल्यावर जो वेळ, जो पैसा किंवा जी रिकामी जागा उरेल ती कोणाच्या वाट्याला जाणार हे भस्म बुधवारच्या आधी ठरलेले असावे. या शेवटच्या अटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि तुमच्या गोड पदार्थांच्या बाबतीत नेमके तेच झाले असावे. तुम्ही सोडले हे खरे, पण सोडलेले कोणाला दिले गेले नाही.

प्रत्येकाने आपापल्यापुरते काय सोडायचे ते निवडावे, ही पद्धत तशी अलीकडची आहे. प्राचीन मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपवास सगळ्यांचा मिळून एकच असे आणि काय खायचे नाही हे सर्वांना ठाऊक असे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजही तसेच आहे: मांस, मासे, अंडी, दूध व दुधाचे पदार्थ, आणि बहुतेक दिवशी तेल व द्राक्षारसही वर्ज्य असतो, आणि हा नियम व्यक्तीच्या आवडीनिवडीवर सोडलेला नसतो. कुणाला आजारपणामुळे किंवा कामाच्या कष्टामुळे तो झेपत नसेल तर तो आपल्या धर्मगुरूंशी बोलून त्यात सवलत घेतो. पश्चिमेकडे कॅथलिक ख्रिस्तसभेत पोप सहावे पौल यांनी १९६६ साली प्रायश्चित्ताचे नियम नव्याने घालून दिले, तेव्हा अन्नाविषयीची सक्ती बरीच सैल झाली. आज सार्वत्रिक नियमानुसार भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोनच दिवशी उपवास बंधनकारक आहे, तोही अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आणि साठावे वर्ष लागेपर्यंत. उपवासकाळातल्या शुक्रवारचे मांसवर्जन चौदा वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना लागू आहे. सक्ती कमी झाली म्हणजे प्रायश्चित्त कमी व्हावे, असा त्या बदलाचा हेतू नव्हता. उरलेली जागा श्रद्धावंतांनी प्रार्थनेने आणि दयेच्या कृत्यांनी स्वखुशीने भरावी अशी अपेक्षा होती. त्या मोकळ्या जागेत आजचा 'काय सोडू?' हा प्रश्न उभा आहे.

हे सांगण्यामागे माझे दोन हेतू आहेत. पहिला हा, की ज्यांची मंडळी काही समान नियम पाळते त्यांनी तो आधी पाळावा आणि मग त्यावर आपली निवड ठेवावी. शुक्रवारचे मांसवर्जन विसरून चाळीस दिवस कॉफी सोडणारी माणसे मी पाहते, तेव्हा मला वाईट वाटते. सगळ्यांबरोबर चालण्यात जी नम्रता आहे ती स्वतः निवडलेल्या नेमात सहज हरवते. दुसरा हेतू प्रोटेस्टंट वाचकांसाठी आहे. झुरिकमध्ये १५२२ साली उपवासकाळात काही जणांनी सॉसेज खाल्ले आणि तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली याने प्रवचनातून त्यांची बाजू घेतली, कारण शास्त्राने ज्याची सक्ती केलेली नाही त्याची सक्ती माणसाने करू नये असे त्याचे म्हणणे होते. ज्यांच्या मंडळीत हा काळ पाळला जात नाही त्यांनी न पाळल्याने ते उणे ठरत नाहीत, आणि पाळणाऱ्यांनी त्यांच्याकडे बोट दाखवू नये; रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय याविषयी पुरेसा स्पष्ट आहे. पाळायचे असेल तर ते मोकळ्या मनाने पाळावे, तारण मिळवण्याची किंमत म्हणून नव्हे.

आता निवडीकडे येऊ. प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो, की सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे, तरी मी कोणत्याही गोष्टीच्या अधीन होणार नाही. काय सोडावे हे शोधताना मी लोकांना याच वाक्यापाशी थांबवते. एखादी गोष्ट वाईट आहे का, हे विचारत बसू नका. आपण तिच्या अधीन झालो आहोत का, हे विचारा. त्यासाठी मनातल्या आदर्श दिवसाकडे न पाहता कालच्या दिवसाकडे पाहा. कागद घ्या आणि काल सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री डोळे मिटेपर्यंत काय काय झाले ते क्रमाने लिहून काढा. जाग आल्यावर हात पहिल्यांदा कशाकडे गेला? दुपारी थकवा आला तेव्हा तुम्ही कशाचा आधार घेतलात? कोणी मनाला लागेल असे बोलले, तेव्हा ते दुःख कशाखाली दडपलेत? दहा मिनिटे मोकळी मिळाली ती कुठे गेली? अशा यादीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. ती खाण्याची असेलच असे नाही. कुणाची खरेदी असते, कुणाचे बातम्या पाहणे असते, कुणाचे प्रत्येक संभाषणात शेवटचा शब्द आपला ठेवणे असते.

दुसरी खूण अशी, की त्या गोष्टीचे नाव निघताच मन घासाघीस सुरू करते. 'ही सोडून दुसरे काहीही चालेल', 'ही तर माझ्या कामासाठी लागते', 'ही तशी फारशी नाहीच', अशी वाक्ये मनात आपोआप उमटू लागली, की तिथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. मात्र या खुणेला आज्ञा मानू नका. जे सर्वांत अवघड तेच देवाला हवे, असा हिशेब केला तर माणूस स्वतःला छळू लागतो आणि त्यालाच भक्ती समजतो. ज्या गोष्टीशिवाय तुमचे कर्तव्य अडेल, औषधपाणी चुकेल किंवा झोप मोडून दुसऱ्या दिवशी हातून चुका होतील, ती गोष्ट कितीही जड वाटली तरी सोडण्याच्या यादीत येत नाही.

एक उदाहरण जवळून दाखवते. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी ठरवले होते, की या वर्षी समाजमाध्यमे पूर्ण बंद. मी त्यांना विचारले, की ती तुम्ही कधी पाहता. ते म्हणाले, रात्रीच्या जेवणानंतर. जेवण आटोपले की ते उठून एका खुर्चीत बसत, फोन उघडत आणि झोपायच्या वेळेपर्यंत तिथेच असत. त्या वेळात त्यांची वृद्ध आई शेजारच्या खोलीत एकटीच जागी असे. मग आम्ही त्यांचा नेम बदलला. दिवसभर फोन वापरायला हरकत नव्हती, पण रात्रीच्या जेवणानंतर तो घराच्या दाराजवळच्या कप्प्यात ठेवायचा आणि त्या खुर्चीऐवजी आईच्या खोलीत जाऊन बसायचे. पहिल्या आठवड्यात काय बोलावे हे दोघांनाही सुचेना, हे त्यांनीच मला सांगितले. नंतर आई जुन्या गोष्टी सांगू लागली, आणि शेवटी दोघे मिळून एक स्तोत्र म्हणून झोपू लागले. मूळ संकल्पापेक्षा हा नेम दिसायला लहान होता. पण त्याला ठरावीक वेळ होती, जागा होती, आणि मोकळा झालेला वेळ एका माणसाच्या हाती पडत होता.

भस्म बुधवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला जातो. त्यात येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींविषयी एका ओघात बोलतो, आणि ही तीन वेगवेगळी कामे समजून त्यातले एक उचलणे हीच आपली नेहमीची अडचण असते. पाचव्या शतकात रावेन्नाचे बिशप असलेले संत पीटर क्रिसोलोगस यांनी म्हटले आहे, की उपवास हा प्रार्थनेचा आत्मा आहे आणि दया हे उपवासाचे जीवन आहे, म्हणून कोणी त्यांची फारकत करू नये. त्याच्याही कितीतरी आधी, दुसऱ्या शतकातल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात एक अगदी व्यवहारी सूचना आहे: उपवासाच्या दिवशी केवळ भाकर आणि पाणी घ्यावे, एरवी त्या दिवशी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. मला ही सूचना फार मोलाची वाटते, कारण तिच्यात उपवास संपताक्षणी दान सुरू होते आणि मध्ये वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही. तुम्ही गोड पदार्थच सोडणार असाल तर दर वेळी वाचलेली रक्कम त्याच दिवशी एका डब्यात टाका आणि तो डबा कोणाकडे जाणार हे आधीच ठरवा. महिनाअखेरीस अंदाजाने काढलेली रक्कम आणि रोज हाताने डब्यात टाकलेले नाणे यांचा मनावर सारखा परिणाम होत नाही.

यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक तक्रार करतात, की आम्ही उपवास केला तरी देवाने पाहिले का नाही. त्यांना उत्तर मिळते, की उपवासाच्या दिवशी तुम्ही आपल्या मजुरांकडून कष्ट उपसून घेता, भांडता आणि मुठी उगारता. हा भाग वाचल्यावर मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते: तुमच्या त्यागाची किंमत दुसरे कोणी मोजते आहे का? कॉफी सोडून पंधरा दिवस घरच्यांवर चिडचिड करणारा माणूस स्वतःचा उपवास मुलांना करायला लावतो. जेवणाचे नियम इतके गुंतागुंतीचे ठेवणारा माणूस, की स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला दोनदा चूल पेटवावी लागावी, त्याने सोडले काय हे मला कळत नाही. म्हणून निवड पक्की करण्याआधी ज्यांच्याबरोबर तुम्ही राहता त्यांना विचारावे. माणसाचा ताबा कशाने घेतला आहे हे पुष्कळदा त्याच्या आधी त्याच्या घरच्यांना ठाऊक असते, आणि त्यांचे उत्तर ऐकायला बोचले तरी ते लिहून ठेवण्याजोगे असते.

पाप सोडण्याचे काय, असे बरेच जण विचारतात: या वर्षी खोटे बोलणे सोडू का, चहाडी सोडू का? पाप चाळीस दिवसांसाठी सोडायचे नसते आणि ईस्टरला परत घ्यायचे नसते, म्हणून ते या अर्पणात बसत नाही. त्याची जागा पश्चात्तापात आणि पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूंपुढे दिलेल्या पापांच्या कबुलीत, आहे. अर्पण करायची ती चांगली गोष्ट. पण हे म्हणताना संत जॉन क्रिसोस्तोम यांचा इशाराही विसरून चालत नाही. अंत्युखिया (अँटिओक) या शहरात ३८७ सालच्या उपवासकाळात दिलेल्या प्रवचनांत ते विचारतात, की पक्षी आणि मासे वर्ज्य करून आपण आपल्याच बांधवांचे लचके तोडत असू, तर उपयोग काय? तोंडाबरोबर डोळ्यांनी, कानांनी, हातापायांनीही उपवास करावा, असे ते सांगतात. तेव्हा जिभेची एखादी खोड तुम्हाला खरोखर छळत असेल तर तिच्या आसपासची निर्दोष गोष्ट सोडा. समजा, एखाद्या गटात बसले की हटकून अनुपस्थित व्यक्तीची निंदा होते, तर तिथे बसणेच चाळीस दिवस सोडा. 'निंदा करणार नाही' हा संकल्प दिवसातून कितीदा मोडला हे मोजणेही कठीण असते. तिथे गेलो की नाही, हे मात्र रात्री सहज सांगता येते.

याच कारणासाठी 'कमी करीन', 'शक्यतो टाळीन', 'जरा संयम ठेवीन' असे संकल्प मी मान्य करीत नाही. नेम एका वाक्यात सांगता यावा आणि दिवसाअखेरी तो पाळला का, याचे उत्तर हो किंवा नाही असे देता यावे. त्याचे आकारमानही बेताचे असावे. संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमाचा एकोणपन्नासावा अध्याय उपवासकाळाविषयी आहे. खरे तर मठवासीयाचे सगळे आयुष्यच उपवासकाळासारखे असावे, पण इतके बळ थोड्यांनाच असते, असे मोकळेपणाने मान्य करून ते म्हणतात, की निदान या दिवसांत प्रत्येकाने नेहमीच्या मापापेक्षा काहीतरी अधिक, स्वेच्छेने आणि पवित्र आत्म्याच्या आनंदाने अर्पण करावे: थोडे अन्न, थोडे पेय, थोडी झोप, थोडे बोलणे, थोडी थट्टामस्करी. लक्ष द्या, यादी किती साधी आहे. आणि तिच्या पाठोपाठ अट येते, की प्रत्येकाने आपण काय अर्पण करणार हे मठाधिपतींना सांगावे आणि त्यांच्या आशीर्वादाने, त्यांच्या संमतीने करावे. तसे न करता केलेले ते घमेंड आणि पोकळ बढाई समजले जाईल.

ही अट मला सर्व संकल्पांचा कणा वाटते. आपला नेम धर्मगुरूंना, पाळकांना, पापनिवेदन ऐकणाऱ्यांना किंवा श्रद्धेत मुरलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला सांगावा आणि त्यांनी तो बदलला तर बदलू द्यावा. पुष्कळदा तो कमी केला जातो, आणि उत्साही माणसाला तेच सर्वांत जड जाते. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर व स्तनपान देणाऱ्या मातांनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी अन्नाचा नेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ज्यांना खाण्यासंबंधीचा मानसिक आजार आता आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, त्यांनी अन्नाचा नेम मुळीच करू नये असे मी ठामपणे सांगते. त्यांच्यासाठी तिन्ही वेळा नीट जेवणे हेच या काळातले आज्ञापालन असू शकते. येशूने उपवास करताना डोक्याला तेल लावावे आणि तोंड धुवावे असे सांगितले ते लोकांना दिसू नये म्हणून. एका विश्वासू माणसाला सांगण्याने ते गुप्तपण मोडत नाही. समाजमाध्यमांवर जाहीर करण्याने मात्र नक्की मोडते.

सोडण्याऐवजी काही चांगले करावे का, या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की करावे, पण 'ऐवजी' नको. रोज अर्धा तास पवित्र शास्त्र वाचीन असा संकल्प करणाऱ्यांचा दिवस आधीच भरलेला असतो, आणि त्यातून काही काढल्याशिवाय अर्धा तास येणार कुठून? दहाव्या दिवसापर्यंत ते वाचन झोपेच्या वेळेत ढकलले जाते आणि मग गळते. आधी काय काढायचे ते ठरवा, मग त्याच वेळेला, त्याच जागी वाचन ठेवा. दर आठवड्याला आजाऱ्याला भेटायचे असेल तर त्या दिवशीचे कोणते काम किंवा करमणूक सोडायची, हे लिहून ठेवा.

रविवारविषयी दोन शब्द. भस्म बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर शेहेचाळीस दिवस होतात, आणि मधले सहा रविवार वगळले की चाळीस राहतात, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असून तो उपवासाचा दिवस धरला जात नाही. रविवारी आपला नेम सैल करावा की नाही, याबाबत दोन्ही मते प्रामाणिक आहेत. मन ज्या गोष्टीच्या अधीन आहे ती रविवारी घेतल्याने सोमवार जड जात असेल, तर सलग पाळावे. अन्यथा रविवारी ती कृतज्ञतेने घ्यावी. जे करायचे ते आधीच ठरवावे, शनिवारी रात्री नव्हे.

नेम मोडला तर काय? तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त हेच बोचले, की एका दिवशी मोडले आणि उरलेला काळ हातातून गेला. पहिल्या रविवारी वाचले जाणारे शुभवर्तमान अरण्यातल्या परीक्षेचे असते. इस्राएल लोक अरण्यातल्या चाळीस वर्षांत जिथे पुन्हा पुन्हा पडले, तिथेच येशू चाळीस दिवस उपाशी असताना टिकून राहिला, आणि तेही त्या अरण्यप्रवासाची आठवण देणाऱ्या 'अनुवाद' या जुन्या करारातल्या पुस्तकातलीच वचने तोंडी घेऊन. आपला उपवास त्याच्या त्या उपवासात सामील होणे आहे. आपण पडलो म्हणून त्याचा उपवास मोडत नाही. म्हणून मोडल्याच्या संध्याकाळी तो दिवस जसा झाला तसा देवासमोर मांडावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच नेम, न वाढवता, पुन्हा धरावा. शिक्षा म्हणून तो दुप्पट करू नये. आठवड्यातून तीन-चारदा मोडू लागला, तर ज्यांना सांगितला होता त्यांच्याकडे जाऊन तो लहान करून घ्यावा, आणि नेमका कोणत्या वेळी मोडतो ते त्यांना सांगावे. त्या वेळेत बहुधा एकटेपणा, भीती किंवा जुने दुःख दडलेले असते, आणि ते उघड होणे हे उपवासकाळाच्या कामातलेच आहे.

तेव्हा तुमच्यापुरते सांगायचे तर गोड पदार्थ सोडण्यात गैर काहीच नाही, पण कालच्या दिवसाची यादी केल्यावर ते त्यात ठळकपणे आले तरच ते निवडा. आले, तर ते कोणत्या वेळी आणि कोणत्या मनःस्थितीत खाल्ले जातात हे पाहा, फक्त त्या वेळेचे सोडा, त्या वेळी म्हणायची एक छोटी प्रार्थना ठरवा आणि पैशांचा डबा कोणाचा ते ठरवा. दुसरेच काही आले, तर गोड पदार्थ खुशाल खा आणि ते दुसरे सोडा. हे सगळे चार ओळींत लिहून भस्म बुधवारच्या आधी कोणाला तरी दाखवा. ईस्टरला ती गोष्ट आभार मानून परत घ्यायची आहे, हेही त्यातच लिहा. आणि ईस्टरला ती परत घ्यावीशी वाटली नाही, तर तो निर्णय त्या दिवशी न करता ईस्टरचा पहिला आठवडा आनंदात घालवून मग करा.